एका रॅपरचे घर

ज्याला गाणे म्हणावे की भांडण, असा प्रश्न पहिल्या ऐकण्यातच पडतो, त्या प्रकाराला रॅप म्हणतात. सूर जवळजवळ नाहीच. ठेका मात्र घणासारखा पडत असतो, आणि त्या ठेक्यावर एक माणूस श्वास न घेता बोलत असतो. बोलणेही असे, की चारचौघांत ऐकावे तर मान खाली जावी. या प्रकाराविषयी माझे मत फारसे चांगले नव्हते. ते मत मी कशाच्या आधारावर बनवले होते, हे मात्र कुणी विचारले असते तर मला सांगता आले नसते. पुतण्याच्या खोलीतून भिंतीपलीकडे येणारा धडधड आवाज, एवढाच माझा आधार.

हा पुतण्या गेल्या वर्षी चार महिने एका व्यसनमुक्ती केंद्रात राहून घरी आला. आमच्या तिसगावात अशा गोष्टी लपत नाहीत, म्हणून मीही लपवीत नाही. आल्यापासून तो एकाच गायकाची गाणी ऐकत बसे. एके दिवशी त्याने कानातली ती बोंडे काढून माझ्या हातावर ठेवली आणि म्हणाला, "नाना, तुम्ही इंग्रजी शिकवलंय ना जन्मभर? मग हे ऐका, आणि मला सांगा, हा माणूस खरं बोलतोय का?" टीकाकाराला याहून अवघड प्रश्न कुणी घालीत नसेल. 'चांगले आहे का' हे सांगणे सोपे. 'खरे आहे का' हे सांगायला दिवस जावे लागतात. मला सहा महिने लागले.

तो गायक म्हणजे अमेरिकेतला मार्शल मॅथर्स. जग त्याला एमिनेम म्हणते.

त्याच्याकडे वळण्यापूर्वी आपल्या अंगणातले थोडे पाहू. शब्दांची चकमक आपल्याला नवी नाही. कलगी-तुऱ्याचे सामने, तमाशातले सवाल-जबाब, प्रतिपक्षाला कोड्यात पकडून फडातून उठवून लावणारे भेदिक शाहीर, ही सारी रॅपची सख्खी नसली तरी चुलत भावंडे खचित आहेत. पण एक फरक आहे. आपला शाहीर स्वतःचे घर सहसा फडावर आणीत नाही. सोलापूरच्या राम जोशांना तमाशाच्या नादापायी थोरल्या भावाने घराबाहेर काढले, पुढे त्यांनी पंढरपुरात राहून संस्कृताचा अभ्यास केला आणि नाव कमावून ते परतले, ही हकीकत आपल्याला ठाऊक आहे ती आख्यायिकांतून. त्यांच्या लावण्यांवरून त्या रात्रीचा, त्या उंबरठ्याचा पत्ता लागत नाही. घर फडावर आणले ते संतांनी. त्याकडे मी पुढे येतो.

मुंबईत मात्र गेल्या दहा-बारा वर्षांत घर आणि गल्ली गाण्यात आली. कुर्ल्याच्या नावेद शेखने, म्हणजे नेझीने, २०१४ साली एका आयपॅडवर 'आफत' हे गाणे स्वतःच चित्रित केले. अंधेरीच्या विव्हियन फर्नांडिसने डिव्हाइन या नावाने २०१३ साली 'ये मेरा बॉम्बे' म्हटले. २०१५ साली दोघांनी मिळून 'मेरे गली में' केले, आणि २०१९ साली झोया अख्तर यांचा 'गली बॉय' आला तेव्हा चाळीतल्या आयाबायांनाही रॅप हा शब्द कळला. पुण्याच्या एम. सी. स्टॅनने २०२० साली आपल्या गाण्यांच्या संचाला 'तडीपार' असे नाव दिले. पोलिसी कागदावरचा शब्द उचलून स्वतःच्या कपाळावर लावायचा, हा या मंडळींचा बाणा. डिव्हाइनची आई कामासाठी परदेशी असे आणि तो आजीपाशी वाढला, हे मी वाचले तेव्हा आमचा पाथर्डी तालुका डोळ्यांसमोर आला. दिवाळीच्या सुमारास इथली कोयती ऊसतोडीला निघतात, आणि वाड्यावस्त्यांवर मागे राहतात त्या आज्या आणि नातवंडे. त्या नातवंडांतल्या एखाद्याने उद्या ठेका धरला तर तो काय म्हणेल, याचा विचार आपण केलेला नाही. पण ही मुंबई-पुण्याची मुले अजून तरुण आहेत. त्यांच्या आयुष्याचा हिशेब चालू आहे. एमिनेमचा हिशेब पंचवीस वर्षांहून अधिक काळाचा आहे, आणि तो त्याने स्वतःच, गाण्यामागून गाणे, मांडून ठेवला आहे. म्हणून हा लेख त्याच्यावर.

त्याची जीवनकथा थोडक्यात सांगतो. जन्म १७ ऑक्टोबर १९७२, मिसुरी राज्यातला. बाप तान्हेपणीच सोडून गेला. आई डेबी पोराला घेऊन मिसुरी आणि मिशिगन या राज्यांत बिऱ्हाडे बदलीत राहिली आणि शेवटी डेट्रॉइट शहराच्या कडेला स्थिरावली. शाळा सतत बदलल्या. नववीत तो तीनदा बसला आणि सतराव्या वर्षी शाळा सुटली. वयाने त्याच्याच बरोबरीचा एक मामा होता, रॉनी नावाचा. त्याने ह्याला रॅपची गोडी लावली. त्या मामाने १९९१ साली आत्महत्या केली. पुढे उपाहारगृहात स्वयंपाक्याचे काम, १९९५ च्या नाताळच्या दिवशी झालेली मुलगी हेली, आणि मग १९९९ साली एकाएकी आलेली कीर्ती. रॅप ही अमेरिकेतल्या काळ्या वस्त्यांनी घडवलेली कला. त्या कलेत हा गोरा पोरगा शिरला आणि मान्यता पावला, यावरही पुष्कळ लिहिले गेले आहे. मला इथे रस आहे तो त्याच्या घरात.

कीर्तीबरोबर पहिला आला तो खटला. गाण्यांत आपली बदनामी केली म्हणून १९९९ साली आईनेच त्याच्यावर सुमारे एक कोटी डॉलरांचा दावा लावला. २००१ साली तो पंचवीस हजारांवर मिटला, आणि वकिलाचे देणे भागून आईच्या हाती आले जेमतेम सोळाशे डॉलर. पुत्राने २००२ साली याचे उत्तर दिले ते 'क्लीनिन आउट माय क्लॉझेट' या गाण्याने. घरातली अडगळीची खोली उघडून सारे काही अंगणात फेकायचे, अशी त्याची कल्पना. आई गोळ्यांच्या आहारी गेली होती, धडधाकट मुलाला आजारी आहेस आजारी आहेस म्हणून तिने वाढवले, असे आरोप त्यात आहेत. आणि शेवटी, माझी लेक मोठी होताना तुला दिसणार नाही, असा शाप आहे.

'श्यामची आई' वर वाढलेल्या माझ्या पिढीला हे ऐकवत नाही. साने गुरुजींच्या पुस्तकाने आपल्याला आई म्हणजे काय ते शिकवले. पण तिच्याविषयी तक्रार कशी करावी, हे आपल्याला कुणी शिकवले नाही. त्यामुळे आपल्याकडची असली तक्रार दारूच्या तोंडून तरी बाहेर पडते, नाही तर जन्मभर पोटात राहते. हे मी पुस्तकातून शिकलो नाही; आमच्या भिंतीपलीकडून शिकलो.

तरीही हे गाणे मी पुन्हा ऐकले, आणि तेव्हा एक गोष्ट लक्षात आली. कडव्यांत तो आईला फाडतो. पण ध्रुवपदात तो तिची क्षमा मागतो. ती क्षमा उपरोधाची आहे, असे कडवी ओरडून सांगतात. परंतु ध्रुवपद हे गाण्यात पुन्हापुन्हा येते, आणि जो शब्द माणूस पुन्हापुन्हा उच्चारतो तो नुसत्या उपरोधाचा राहत नाही. कवीला जे ठाऊक नव्हते ते त्याच्या रचनेला ठाऊक होते, असे मला वाटते. आणि दुसरी गोष्ट अधिक भयंकर. ज्या गोळ्यांसाठी त्याने आईला जाहीर दोषी ठरवले, त्याच वाटेने तीन वर्षांच्या आत तो स्वतः गेला.

या कवीची नाममुद्राही पाहण्यासारखी आहे. 'तुका म्हणे' म्हटले की कोण बोलतो याविषयी शंका राहत नाही. इथे मात्र तीन नावे आहेत. मार्शल मॅथर्स हे जन्मनाव, एमिनेम हे व्यासपीठावरचे, आणि स्लिम शेडी हे त्याने निर्मिलेल्या एका दुष्ट, वाह्यात सोंगाचे. जे जे अघोर बोलायचे ते शेडीच्या तोंडी घालायचे, आणि कुणी जाब विचारला की हात झटकायचे, ही सोय त्याने करून घेतली. कलावंताला सोंग लागते हे मी मानतो. पण सोंगाआड लपून घरच्या माणसांवर दगड मारणे ही निराळी गोष्ट झाली. २००० सालच्या एका गाण्यात त्याने पत्नीचेच नाव गाण्याला दिले आणि तिच्या खुनाचे चित्र रंगवले. त्यात पत्नीचा आवाजही त्यानेच काढला आहे. ते गाणे मी एकदा ऐकले, पुन्हा ऐकणार नाही, आणि दिवाळीत हा अंक हाती घेऊन बसलेल्या कुटुंबाला ऐका असे सांगणार नाही. अतिशय कसबी आहे, एवढे कबूल करतो. परंतु जिच्यावर राग आहे तिचा आवाजही आपणच काढायचा, यात त्या काळच्या त्याच्या साऱ्या कवितेचे वैगुण्य आले. त्या घरात बोलतो तो एकटाच.

आणि त्याच माणसाने 'मॉकिंगबर्ड' लिहावे! २००४ सालच्या संचातले हे गाणे म्हणजे एक अंगाई आहे. मुलगी हेली आणि घरात वाढत असलेली पत्नीची भाची, या दोन लहानग्यांना तो समजावीत बसला आहे, की आई आज घरी का नाही, वर्तमानपत्रांत आपल्याविषयी असे का येते. नाताळला भेटवस्तू घ्यायला पैसे नव्हते ते वर्ष त्याला आठवते. इंग्रजीतल्या एका जुन्या अंगाईचा ठेवा उचलून तो त्यावर आपले शब्द बसवतो. शेवटी मात्र त्याला धीर धरवत नाही, आणि अंगाईतच धमकी येते. झोपलेली पोर दचकून उठेल, अशी ती जागा आहे. काही जाणत्यांना ती खटकते. मला तीच खरी वाटली. ज्याला कुणी अंगाई म्हटली नाही तो अंगाई म्हणायला बसला, तर शेवटी त्याचे असेच होणार.

२००५ साली झोपेच्या गोळ्यांपायी त्याला दौरा रद्द करून उपचारगृहात जावे लागले. एप्रिल २००६ मध्ये त्याचा जिवलग मित्र प्रूफ डेट्रॉइटमध्ये गोळीबारात मारला गेला. पत्नीशी एकदा घटस्फोट, पुन्हा लग्न, त्याच वर्षी पुन्हा घटस्फोट. डिसेंबर २००७ मध्ये मेथाडोनच्या अतिमात्रेने तो मरता मरता वाचला. २० एप्रिल २००८ ही तारीख तो आपल्या शुद्धीचा पहिला दिवस मानतो, आणि दरवर्षी पाळतो.

इथून पुढे मला टीकाकार म्हणून खरे काम पडले. शुद्धीवर आल्यावर त्याला जणू बोलायलाच पुन्हा शिकावे लागले. शब्द ठेक्यावर बसेनात, असे त्याने स्वतः सांगितले आहे. ज्याची सारी मिळकत जिभेवर, त्याची जीभ जड व्हावी! २००९ च्या 'रिलॅप्स' मध्ये ही जड जीभ ऐकू येते. चमत्कारिक उच्चार, सोंगे, खुनांच्या कथा. त्यानंतर २०१० साली आले 'रिकव्हरी'. जगात त्या वर्षी सर्वांत अधिक खपलेला तो संच. त्यातले 'नॉट अफ्रेड' हे गाणे तर व्यसनातून उठणाऱ्यांचे गीतच होऊन बसले आहे. माझ्या पुतण्याच्या केंद्रातही ते लावीत असत. मला ते तितकेसे भावले नाही. त्यात तो छाती पुढे काढून चालतो, इतरांना हात देतो. सारे खरे असेल, पण ती मिरवणूक आहे. त्याच संचात 'टॉकिन टू मायसेल्फ' नावाचे एक गाणे आहे, ते मला शंभरपटीने मोलाचे वाटते. मागचे दोन संच फुकट गेले, एक नशेत केला आणि दुसरा नशा उतरवण्यात गेला, असे तो आपल्या ऐकणाऱ्यांना सरळ सांगतो. आणि त्या काळात बरोबरीच्या रॅपरांचा मत्सर करून त्यांच्यावर तोंड टाकणार होतो, याची लाज मांडतो. मी पुष्कळ मराठी साहित्यिकांच्या मुलाखती वाचल्या आहेत. आपला अमुक संग्रह वाईट होता, असे म्हणणारा मला अजून भेटायचा आहे.

पुण्यात १९८६ साली सुनंदा आणि अनिल अवचट यांनी मुक्तांगण सुरू केले, तेव्हापासून आपल्यालाही हे कळू लागले, की व्यसन हा एकट्याचा आजार नसून घराचा आजार आहे; म्हणून तिथे घरच्यांनाही उपचारात ओढून घेतात. एमिनेमच्या गाण्यांत ही समजूत उशिरा आली. 'रिकव्हरी' मध्ये तो बरा झाला आहे. पण घर अजून बाहेरच उभे आहे.

ते आत आले २०१३ साली, 'हेडलाइट्स' या गाण्यात. अकरा वर्षांपूर्वीच्या त्या अडगळीच्या खोलीचे नाव घेऊन तो आईची माफी मागतो. ते जुने गाणे आता आपण कार्यक्रमांत म्हणत नाही, रेडिओवर लागले तर अंगावर काटा येतो, असे सांगतो. तक्रारी खोट्या होत्या असे तो म्हणत नाही, हे महत्त्वाचे. धाकट्या भावाला सरकारी माणसांनी घरातून नेले तो दिवस त्याला आठवतो. पण आता त्याच दिवसात त्याला आईही दिसते. निघून गेला तो बाप, राहिली ती आई, आणि शिव्या खाल्ल्या त्या राहिलेलीने, हे त्याला चाळिशीत कळले. नातवंडे मोठी होताना तिला पाहता आली नाहीत, याची तो खंत करतो. हाच २००२ सालचा त्याचा शाप. शाप खरा ठरला आणि देणाऱ्यालाच लागला.

नामदेवांच्या गाथेची आठवण मला इथे झाली. नामदेवही घर फडावर आणतात. पण त्या घरात आई गोणाई विठोबाशी कडाकडा भांडते, माझा पोर मला परत दे म्हणते. पत्नी राजाई रखुमाईपाशी संसाराचे गाऱ्हाणे मांडते. देवाच्या नादी लागलेल्या मुलाचे कौतुक एका पारड्यात, आणि रिकाम्या चुलीचा हिशेब दुसऱ्यात. तुकोबांच्या गाथेतही बायकोचे बोल जसेच्या तसे आले आहेत. आणि आमच्या नगरचे टिळकांचे घर तर लक्ष्मीबाईंनी 'स्मृतिचित्रे' मध्ये असे उभे केले आहे, की नवऱ्याचा संताप वाचताना हसू आणि आसू एकदम यावे. आपल्या परंपरेत दुसरी बाजू बोलते. एमिनेमच्या आईने तिकडे स्वतंत्र पुस्तक लिहून उत्तर दिले. मुलाच्या गाण्यात तिला जागा मिळाली नाही. 'हेडलाइट्स' मध्येही ती बोलत नाही. पण २०१४ साली मातृदिनाला त्या गाण्याची जी चित्रफीत आली, स्पाइक ली या दिग्दर्शकाने केलेली, तिच्यात कॅमेरा आईच्या डोळ्यांच्या जागी आहे. मुलाच्या घराभोवती फिरणारी, त्याचे चित्र पाहणारी, त्याच्यापर्यंत पोहोचणारी ती. शब्द नाही, पण नजर तिची. चौदा-पंधरा वर्षांच्या एकतर्फी भाषणानंतर एवढे मिळाले.

नंतरच्या गाण्यांत मला दोन जोड्या अपूर्व वाटतात. २०१७ च्या संचातली 'कासल' आणि 'अरोझ' ही एक. पहिले गाणे म्हणजे लेकीला लिहिलेली पत्रे, तिच्या जन्माआधीपासून ते त्या २००७ च्या नाताळपर्यंतची. दुसऱ्यात तो रुग्णालयात मरणाच्या दारात आहे. आणि मग तो फीत मागे फिरवतो, पहिल्या गाण्याच्या शेवटाशी परत येतो, आणि या वेळी गोळ्या संडासात ओतून देतो. २०२४ च्या संचात दुसरी जोडी आहे. 'टेम्पररी' हे, आपण गेल्यावर लेकीने ऐकावे म्हणून लिहिलेले. त्याच्या आरंभी लहानग्या हेलीचे बोबडे बोल ध्वनिमुद्रित आहेत. आणि 'समबडी सेव्ह मी' मध्ये तो कल्पना करतो की आपण बरे झालोच नाही. लेकीचे गाणेबजावणे, तिचे लग्न, सारे आपल्याविना झाले. त्या न घडलेल्या गैरहजेरीबद्दल तो मुलांची क्षमा मागतो. जे केले त्याची क्षमा मागणे कठीण. पण जे केले असते, ज्याच्या कडेपर्यंत जाऊन आलो, त्याचीही क्षमा मागायला कवी लागतो. तो इथे मला निःसंशय कवी वाटला. त्याच्या साऱ्या आरड्याओरड्याचे मोल मी या एका गाण्यात वसूल झालेले मानतो.

पुतण्याच्या प्रश्नाला मी उत्तर दिले, ते असे: २००२ साली तो खरे बोलला, आणि २०१३ सालीही खरे बोलला, पहिल्या वेळी त्याला अर्धेच माहीत होते. पुतण्या काही बोलला नाही. दोन दिवसांनी म्हणाला, "नाना, ते हेडलाइट्स आईला मराठीत सांगाल का? मला जमत नाही."

मग एका संध्याकाळी ओट्यावर बसून मी वहिनींना ते गाणे सांगितले. पुतण्या दारात उभा होता, आत ना बाहेर. वहिनी लसूण सोलीत होत्या. मी आधी अडगळीच्या खोलीची गोष्ट सांगितली, मग खटल्याची, मग माफीची. एका शब्दाने त्यांनी मध्ये अडवले नाही. सारे सांगून झाल्यावर त्यांनी विचारले,

"मंग त्याच्या आईनं काय म्हणलं, भाऊजी?"

आई २०२४ च्या डिसेंबरात गेली, एवढे मी सांगितले. त्यांनी सोललेल्या पाकळ्या वाटीत लोटल्या.

"आन् पोरीचं लगीन?"

लग्न त्याच वर्षी मे महिन्यात झाले, आणि तो हजर होता, मुलीबरोबर नाचलाही. २०२५ साली तिला मुलगा झाला.

"म्हंजी आज्जा झाला," वहिनी म्हणाल्या. मग दाराकडे न पाहताच त्यांनी हाक मारली, "उभा काय ऱ्हायला? ये, बस हितं. हा लसूण धर."